सगळेच लाल डोळे 'आलेले' नसतात



पावसाळा लागला की आमच्या फिरत्या दवाखान्याच्या नोंदवहीत एकच तक्रार पानोपानी दिसू लागते: डोळे आले. ताप, खोकला, जुलाब यांसाठी आलेल्या माणसाला मी चार प्रश्न विचारून मग दुखण्याचे नाव लिहिते. डोळ्यांच्या बाबतीत नाव रुग्णच घेऊन येतो. "सिस्टर, डोळं आल्यात, थेंब द्या." आपणही थेंब देतो आणि पुढच्या माणसाला बोलावतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कातकरी वस्त्या, कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या आणि ऊसतोड कामगारांचे तळ या फेरीवर मी एकोणीस वर्षे परिचारिका म्हणून जाते आहे. या विषयावर लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा मनात आले की यात लिहिण्यासारखे काय आहे, डोळे येणे कोणाला माहीत नाही? मग जुन्या नोंदवह्या काढून बसले आणि जानेवारी २०१८ मधल्या एका पानावर हात थांबला. त्या पानाचे पुढे सांगते. ते समजण्यासाठी आधी साधे दुखणे नीट समजले पाहिजे.

२०२३ चा पावसाळा आपल्याला आठवत असेल. जुलैच्या मध्यात आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागल्याच्या बातम्या आल्या आणि पाहता पाहता साथ राज्यभर पसरली. ऑगस्टमध्ये सरकारी नोंदीतला रुग्णांचा आकडा काही लाखांवर गेला. जे दवाखान्यात गेलेच नाहीत ते या आकड्यात नाहीत, आणि आमच्या फेरीवरचे बहुतेक लोक त्यांतलेच. शाळांनी डोळे आलेल्या मुलांना घरी पाठवले, ते योग्यच होते. पण घर म्हणजे काय, हे प्रत्येक मुलाचे वेगळे असते.

पाटण तालुक्यातील एका कातकरी वस्तीवर मी त्या दिवसांत गेले. कुडाची चौदा घरे, एक हातपंप. वसतिगृहातून दोन मुले डोळे आले म्हणून परत आली होती. आठ दिवसांनी मी पोहोचले तेव्हा चौदापैकी अकरा घरांत लाल डोळे होते. हे कसे झाले ते एका आजीने मला नकळत दाखवले. ती नातवंडांना ओळीने बसवून डोळे पुसत होती. एका वाटीत कोमट पाणी, त्यात चिमूटभर हळद, आणि लुगड्याच्या फाटक्या पदराचा एकच बोळा. पहिल्याचे डोळे पुसले, बोळा वाटीत बुडवला, पिळला, दुसऱ्याचे पुसले. मग सगळ्यांना एकाच डबीतून, एकाच बोटाने काजळ. तिच्या मायेत काही कमी नव्हते, आणि त्या मायेतूनच दुखणे एका डोळ्यातून दुसऱ्यात जात होते.

डोळ्याचा जो पांढरा भाग आपल्याला दिसतो त्यावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक अगदी पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्या पडद्याला सूज आली की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल दिसतो, पाणी वाहते, वाळू गेल्यासारखे खुपते आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. एवढेच हे दुखणे. डोळ्याच्या मधोमध असलेले बुबुळ, ज्यातून आपण पाहतो, ते सहसा सुरक्षित राहते. म्हणून साध्या डोळे येण्यात नजर जात नाही. चिपडे पुसून पाहिले की पूर्वीसारखेच स्पष्ट दिसते. हे वाक्य लक्षात ठेवा, लेखात पुढे त्याची गरज पडणार आहे.

साथीत येणारे डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात. अॅडिनो आणि एन्टेरो ही त्या विषाणूंची दोन मोठी घराणी. एन्टेरो घराण्यातील विषाणू शिरला तर एकदोन दिवसांतच डोळा लाल होतो, कधीकधी पांढऱ्या भागात रक्त उतरून डोळा भीतिदायक दिसतो, आणि आठवडाभरात तो बराही होतो. अॅडिनो जरा आळशी. तो शिरल्यानंतर आठवडाभर काहीच दिसत नाही, मग सुरू झालेला त्रास दोन आठवडे, क्वचित तीन आठवडे चालतो. दोन्हींवर विषाणू मारणारे औषध आपल्या हाती नाही. शरीरच त्यांना हटवते. मग डॉक्टर थेंब का देतात? कधी कोरडेपणा आणि खुपणे कमी व्हावे म्हणून, कधी जिवाणूंची शंका असते म्हणून. घट्ट पिवळा-हिरवा पू दिवसभर येत राहिला तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो आणि तेव्हा प्रतिजैविकाच्या थेंबांचा उपयोग होतो. आणि खरे सांगायचे तर कधी रुग्ण रिकाम्या हाताने जायला तयार नसतो म्हणूनही थेंब दिले जातात. मीही दिले आहेत.

ही साथ काही आजची नाही. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात एका नव्या प्रकारच्या डोळ्यांच्या साथीने धुमाकूळ घातला. त्याच सुमारास अपोलो यानातून माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून तिथल्या लोकांनी दुखण्यालाच 'अपोलो' नाव दिले. चंद्रावरून काहीतरी आले, अशी समजूत. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, ती साथ मुंबई-कलकत्त्यापर्यंत आली. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते ते दिवस, म्हणून कलकत्त्यात तिचे नाव पडले 'जय बांगला'. आजही बंगालमध्ये जुनी माणसे डोळे आले की हेच नाव घेतात असे म्हणतात. दुखणे परक्याने आणले, असे मानायला माणसाला फार आवडते. वस्तीवरच्या लोकांमुळे गावात साथ आली, असे मला २०२३ मध्येही ऐकवले गेले. प्रत्यक्षात ती शाळेतून वस्तीवर गेली होती.

आता, ते पसरते कसे? डोळे आलेल्याकडे पाहिले की आपलेही येतात, ही समजूत शहरात शिकलेल्या घरांतूनही आहे. मंडळीतील एका निवृत्त शिक्षकांनी मला गंभीरपणे विचारले होते की काळा चष्मा रुग्णाने घालायचा की पाहणाऱ्याने. नजरेतून काही जात नाही. जाते ते हातातून. रुग्ण डोळा चोळतो, तोच हात दाराच्या कडीला, मोबाइलला, नळाला, नोटेला लागतो. दुसऱ्याचा हात तिथे पडतो आणि तो हात कधीतरी स्वतःच्या डोळ्याकडे जातो. आपण दिवसातून किती वेळा चेहऱ्याला हात लावतो ते एक दिवस मोजून पाहा. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि चोळायला जाणारा हात काचेवर अडतो, त्याचा फायदा तेवढाच.

अॅडिनो विषाणू कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस तग धरतो. आणि कोरोनाच्या काळात आपण ज्याच्यावर विश्वास ठेवायला शिकलो ते सॅनिटायझर इथे तितके भरवशाचे नाही, कारण या विषाणूंना कोरोनासारखे चरबीचे आवरण नसते, जे अल्कोहोलने विरघळावे. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय. वस्तीवर नळ नाही, मग वाहते पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न मला एका तरुण आईने विचारला. उत्तरही तिथेच सापडले: एकाने तांब्याने पाणी ओतायचे, दुसऱ्याने साबणाने हात धुवायचे. घमेल्यात साचलेल्या पाण्यात सगळ्यांनी हात बुडवणे म्हणजे आजीच्या वाटीचीच मोठी आवृत्ती. दोन लिटरच्या बाटलीच्या बुडाशी खिळ्याने भोक पाडून ती दाराशी टांगली आणि झाकण सैल-घट्ट करून धार चालू-बंद करता येते, हे दाखवल्यावर मुलांना त्याचा खेळच झाला. काही बाटल्या दोन दिवसांत फुटल्या हेही सांगितले पाहिजे.

त्या आजीला मी हळद बंद करा असे एकदम म्हटले नाही. आधी बोळा बदलायला सांगितला. प्रत्येक मुलाला वेगळे, उकळून वाळवलेले फडके, एका डोळ्यासाठी वापरलेला कोपरा दुसऱ्या डोळ्याला नाही, आणि पुसायचे ते नाकाच्या बाजूने बाहेर. उकळून गार केलेले साधे पाणी पुरते. थंड पाण्याची घडी ठेवली तर सूज आणि चुरचुर उतरते. मग हळूहळू हळदीवर आले, काजळावर आले. मध, लिंबू, गुलाबपाणी, बाळंतिणीचे दूध, शेळीचे दूध, कोथिंबिरीचे पाणी, सगळे काही डोळ्यांत घातलेले मी पाहिले आहे. बहुतेकांचे डोळे त्यानंतर बरे होतात, कारण ते तसेही आठवड्यात बरे होणारच होते, आणि श्रेय मात्र मधाला मिळते. एखाद्याच्या बुबुळाला इजा होते तेव्हा मात्र नशिबाला बोल लावला जातो. झाडपाल्याच्या रसाचा धोका त्याहून मोठा. रुईचा चीक तर डोळ्याजवळही नको. तो उडाला तर सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण बुबुळ आतून सुजते. अशा वेळी भरपूर पाण्याने डोळा धुवत राहायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

आता ते पान.

जानेवारी २०१८. वाळवा तालुक्यातील एका फडाच्या कडेला टोळी उतरली होती. नगर जिल्ह्याकडून आलेली, त्यात काही भिल्ल कुटुंबे. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी हे तळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: पाचटाने शाकारलेल्या कोप्या, पिण्याच्या पाण्याचे एकच पिंप, पहाटे चारला तोड सुरू, आणि गाडी भरेपर्यंत काम. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीच्या कष्टातून फिटायची असते. एक जण पडला तर कोयता अर्धा होतो, आणि कामाचा दिवस बुडाला तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही.

त्या तळावर दोन मुलांचे डोळे आले होते. त्यांना तपासत असताना पंचवीस-सव्वीस वर्षांची एक बाई रांगेत आली. डावा डोळा लाल, पाणी वाहतेय, पदराने सारखी पुसतेय. मी पाहिले, मुलांकडे पाहिले, आणि म्हटले, "तुझेही आले बघ." प्रतिजैविकाच्या थेंबांची बाटली दिली आणि वहीत लिहिले: डोळे आले. माझ्या हातचे अक्षर आहे, सुवाच्य आहे.

आमची फेरी तिथे बारा दिवसांनी परत गेली. मधल्या काळात डोळा बरा होईना म्हणून तिच्या नवऱ्याने बाजाराच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून दुसरे थेंब आणले होते. ते घातल्यावर दोन दिवसांत लाली उतरली, दुखणे कमी झाले आणि ती पुन्हा फडात गेली. मग एका रात्री असे दुखू लागले की तिला झोप लागली नाही. मी बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा बुबुळाच्या मधोमध खोबऱ्याच्या कपच्यासारखा पांढरा डाग होता. मी विचारले, डोळ्याला काही लागले होते का? ती म्हणाली, "पान लागलं होतं ना ताई, उसाचं. पहिल्याच दिवशी. तुम्ही विचारलं नाही."

त्या दुसऱ्या बाटलीत स्टेरॉइड होते. उसाच्या पानाची धार कातडी कापते तशी बुबुळही खरवडते, आणि पानावर, पाचटावर, मातीत बुरशी असते. खरवडलेल्या जागी बुरशी शिरली की व्रण होतो. स्टेरॉइडमुळे सूज आणि लाली उतरते, रुग्णाला वाटते गुण आला, पण शरीराचा पहारा उठतो आणि बुरशीला मोकळे रान मिळते. आम्ही त्याच दिवशी तिला गाडीतून मिरजेला नेले. व्रण खरवडून तपासला तेव्हा बुरशीच निघाली. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. पाच आठवडे. डोळा काढावा लागला नाही, याबद्दल आम्ही प्रभूचे आभार मानले. नजर मात्र राहिली नाही. त्या डोळ्याला उजेड कळतो आणि समोर हात हलवला तर काहीतरी हलते आहे एवढे कळते. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. उचल फिटली नाही, ती पुढच्या हंगामावर गेली.

दुकानदाराने चिठ्ठीशिवाय तसले थेंब द्यायला नको होते, हे खरे. पण पहिली चूक दुकानात झाली नाही. ती रांगेत, माझ्यासमोर झाली. मी विचारले असते आणि उजेड टाकला असता तर त्या दिवशी जखम ताजी होती.

तेव्हापासून लाल डोळा समोर आला की मी नाव लिहिण्याआधी पाच गोष्टी पाहते, आणि आमच्या बरोबर येणाऱ्या स्वयंसेवकांनाही त्या पाठ करून घेतल्या आहेत. एकच डोळा की दोन्ही? काही लागले, उडाले, गेले का? दुखते की नुसते खुपते? चिपडे पुसल्यावर पूर्वीसारखे दिसते का? आणि बॅटरीच्या उजेडात बुबुळ स्वच्छ काळे चमकते की त्यावर ठिपका, धूसरपणा आहे? साध्या दुखण्यातही सुरुवात एका डोळ्यापासून होते आणि एकदोन दिवसांत दुसराही लाल होतो. तीन-चार दिवस एकच डोळा लाल राहिला तर मी सावध होते. उजेड अजिबात सहन होत नाही, नजर अंधुक झाली, जोराचा ठणका आहे, बुबुळावर पांढरे दिसते आहे, यातले एकही असेल तर ते डोळे येणे नाही असे धरून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. आठवड्यात उतार पडला नाही तरी जायचेच. साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय, सांगली आणि मिरजेची शासकीय रुग्णालये, सगळीकडे डोळ्यांचा विभाग आहे. मिरजेच्या ज्या मिशन दवाखान्याची सुरुवात डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये केली त्याच्या आठवणी तर आपल्या कितीतरी घरांत आहेत.

बॅगेत आता केशरी रंगाच्या कागदी पट्ट्याही असतात. पट्टी निर्जंतुक पाण्याने ओली करून पापणीच्या आत टेकवली आणि निळा उजेड टाकला की बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुकादमाने मला विचारले होते की हे जादूटोण्यातले तर नाही ना.

ताजा ओरखडा वेळेवर हाती लागला तर काय करता येते, याचे एक उदाहरण नेपाळमधील भक्तपूरचे आहे. तिथे गावातल्याच साध्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनी शेतात डोळ्याला लागलेल्या लोकांना शोधून तीन दिवस प्रतिजैविकाचे मलम लावले. २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे उपचार पहिल्या दिवसातच सुरू झाले, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांची जखम व्रण न होता भरली. डॉक्टर लागला नाही. लागले ते विचारणारे माणूस. म्हणून गेली काही वर्षे आम्ही प्रत्येक तळावर एका बाईला शिकवतो की पान लागले, कचरा उडाला तर त्याच संध्याकाळी आम्हाला किंवा आशाताईंना फोन करायचा, आठवड्याच्या फेरीची वाट पाहायची नाही.

थेंबांच्या बाटलीविषयी थोडे. आपल्या घरांतही हे उपयोगी पडेल. घटकांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असे नाव असेल तर ते स्टेरॉइड. पुष्कळदा औषधाच्या नावाच्या शेवटी 'डी', 'डीएम' किंवा 'डीएक्स' अशी अक्षरे असतात, ती त्याचीच खूण. नेत्रतज्ज्ञ ही औषधे योग्य जागी देतात आणि त्यांनी दिली तर सांगितल्याप्रमाणे जरूर घालावीत. पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून, किंवा मागच्या वर्षीची अर्धी बाटली कपाटात आहे म्हणून, कधीही नाही. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची. टोक पापणीला लावायचे नाही. एक बाटली एकाच माणसाची. मंडळींकडून औषधांच्या पेट्या येतात त्यांत उघडलेल्या थेंबांच्या बाटल्या असतात, आणि देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मी जाणते. कृपा करून त्या पाठवू नका. आम्ही त्या फेकतो.

लहान मुलांबाबत दोन गोष्टी अशा आहेत की तिथे थांबायला वेळच नसतो. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यातल्या बाळाचे डोळे सुजले आणि पू आला तर तो साधा आजार समजू नये. जन्माच्या वाटेवर आईकडून मिळालेल्या काही जिवाणूंमुळे दोन-तीन दिवसांत बुबुळ फुटू शकते. वस्तीवर घरी बाळंतपण झाले असेल तर हे पाहणारे कोणी नसते. बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे, आणि आईवडिलांवरही उपचार करून घ्यायचे. दुसरी गोष्ट गोवराची. ताप, खोकला, नाकातून पाणी आणि लाल डोळे, अशी गोवराची सुरुवात असते. पुरळ तीन-चार दिवसांनी उठते. तोवर आपण डोळे आले म्हणत बसतो. कुपोषित मुलात गोवरामुळे अ जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि बुबुळ मऊ पडून नजर जाऊ शकते. म्हणून तापासह लाल डोळे दिसले की आम्ही आधी लसीकरणाचे कार्ड मागतो आणि मुलाला आरोग्य केंद्रात पाठवतो. तिथे अ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो.

आणि काही लाल डोळे नुसत्या धुराचे असतात. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, कोपीतल्या चुलीपाशी वर्षानुवर्षे डोळे लालच असतात, ते कोणाला लागत नाहीत. अॅलर्जीचे डोळेही लागत नाहीत. त्यांना खाज सर्वांत जास्त. असे मूल प्रत्येक उन्हाळ्यात शाळेतून घरी पाठवले गेलेले मला माहीत आहे.

साथीत 'घरी विश्रांती घ्या' हा सल्ला मी पूर्वी सगळ्यांना सारखाच देत असे. कोयत्याला तो देता येत नाही. दहा दिवस घरी बसा म्हटले की मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फडात असतात, फक्त मला सांगत नाहीत. आता मुकादमासमोर बसून आम्ही वेगळे बोलतो. साधे डोळे आलेल्याने काम करायला हरकत नाही, पण पहिला आठवडाभर पिंपातून सगळ्यांसाठी पाणी त्याने काढायचे नाही, पंचा आणि उशी वेगळी, भाकरी थापणाऱ्या बाईने आधी साबणाने हात धुवायचे. आणि ज्याच्या डोळ्याला पान लागले आहे त्याला मात्र त्या दिवशी सोडायचे, खाडा न लावता. पहिले सगळे मुकादम मान्य करतात. शेवटचे काही जणच करतात. एकाने मला सरळ हिशेब मांडून दाखवला की एक दिवस सोडला तर किती टन मागे पडतो. मी त्याला त्या बाईच्या पाच आठवड्यांचा हिशेब मांडून दाखवला. त्या हंगामात त्याने दोघांना सोडले.

आपल्या मंडळीतही पावसाळ्यात साथ येते तेव्हा पाळकसाहेब मला विचारतात की उपासनेला येऊ द्यायचे की नाही. मोठ्या माणसाने पाणी वाहत असेपर्यंत यायचे तर मागे बसावे, सलाम हात न मिळवता करावा, गीतांचे पुस्तक घरचे आणावे. शब्बाथ शाळेच्या मुलांना मात्र डोळे कोरडे होईपर्यंत घरीच ठेवावे, कारण मूल हात न लावता राहतच नाही. आणि ज्याचे डोळे आले आहेत त्याच्यापासून तोंड फिरवून चालू नये. पाहिल्याने काही होत नाही, हे वर सांगितलेच आहे.

या तिमाहीत हंगाम सुरू होण्याआधी आम्ही तळांसाठी पिशव्या भरतो आहोत. प्रत्येक पिशवीत चार वेगवेगळ्या रंगांचे पंचे, म्हणजे कोणाचा कोणता ते घरात लक्षात राहते, साबणाच्या दोन वड्या, आणि साधा पारदर्शक गॉगल, मोटारसायकलवाले घालतात तसा. गॉगल घामाने धुकतो आणि पहाटेच्या दवात काही दिसत नाही, अशी तक्रार मागच्या वर्षी आली होती. जोडप्यातला एक जण तो घालतो, दुसरा कोपीत टांगून ठेवतो. महिला मंडळाच्या एका भगिनीने बाजूला बारीक भोके असलेला नमुना शोधून आणला आहे. तो यंदा दोन तळांवर वापरून पाहणार आहोत. जमला तर पुढच्या अंकात कळवीन.